गिनीची डबी, अर्ध्या फार्दिंगचा माल

घराण्याच्या नावाची औषध कंपनी काढायची म्हणताय? उत्तम. मग फार्मसीच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म रद्दीत घाला आणि मेंढ्या राखायला निघा. इंग्लंडात ‘बीचम्स पिल्स’ नावाच्या जुलाबाच्या गोळ्या विकणाऱ्या थॉमस बीचम यांनी तेच केलं. १८२० साली ऑक्सफर्डशायरात जन्म, आठव्या वर्षी हातात काठी. रानातला पाला आधी जनावरांवर आजमावला, मग माणसांवर. फरक इतकाच, मेंढी पैसे देत नाही.

आता फॉर्म्युला. काळा बोळ (म्हणजे कोरफडीचा वाळलेला रस), सुंठ आणि साबण. हो, साबणच. दचकू नका, १९०९ साली ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने या गोळ्यांची तपासणी केली, तेव्हा हेच तीन जिन्नस निघाले. ५६ गोळ्यांच्या डबीतला माल जेमतेम अर्ध्या फार्दिंगचा, म्हणजे पेनीच्या आठव्या भागाचा. डबी १ शिलिंग (म्हणजे १२ पेनी) दीड पेनीला. हाच काळा बोळ आपल्याकडे आजी सुजेवर उगाळून लावायची आणि एक पैसा घ्यायची नाही. म्हणूनच आजीच्या नावाचा कारखाना झाला नाही.

जुलाबाची गोळी निवडण्यात खरी अक्कल आहे. डोकेदुखी बरी झाली की नाही यावर वाद होऊ शकतो, पण सकाळी कोठा साफ झाला यावर कोण वाद घालणार? एकदा तेवढी खात्री पटली की पुढे अपचन, चक्कर, झोपमोड, भयानक स्वप्नं, काय वाटेल ते जाहिरातीत घाला.

भाव मात्र स्वस्त म्हणून सांगू नका. १८५९ साली इंग्लंडमधल्या सेंट हेलेन्स गावात बीचमनी जाहिरात दिली: डबीचं मोल एक गिनी! गिनी म्हणजे २१ शिलिंग. गिऱ्हाईक दुकानातून बाहेर पडतं ते जवळजवळ २० शिलिंग वाचवूनच. आपले साडीवाले ‘एमआरपी’ खोडून त्याखाली भाव लिहितात, ते याच गुरूचे चेले.

ती वरची दीड पेनी सरकारची. पेटंट औषधावर कराचं तिकीट चिकटवावं लागे आणि भोळी माणसं त्याला सरकारी हमी समजत. शेवटी ‘ही हमी नव्हे’ असं तिकिटावरच छापायची पाळी सरकारवर आली. तुम्ही असं तिकीट अगदी ठळक जागी लावा. खालची बारीक अक्षरं वाचतो कोण?

पुढचं काम मुलाचं. जोसेफनी घड्याळाच्या मनोऱ्याचा कारखाना बांधला, जाहिरातींवर पैसा ओतला, १९१२ मध्ये ‘सर’ झाले आणि लंडनमध्ये रशियन ऑपेरा आणि बॅले आणवले. पुढे कंपनीच्या शास्त्रज्ञांनी पेनिसिलिनवर खरोखर मोलाचं काम केलं, पण त्याला १९५७ उजाडलं. इतकी घाई तुम्हाला नको.

नातवाचं नाव मात्र आजोबांचंच ठेवा. तो गोळ्या विकणार नाही, ऑर्केस्ट्रा चालवेल. १९३२ साली लंडन फिलहार्मोनिक उभी करणारे सर थॉमस बीचम ते हेच. पहिल्या रांगेत बसलात तर टाळ्या वाजवा, साबणाचा विषय काढू नका.