गाणी कुठं बसून ठरतात?

रविवारी सकाळी केस कापायला गेलो होतो. गळ्याभोवती कापड बांधता बांधता सलूनवाले मामा म्हणाले, "काय ओ सर, तुमचं स्टेशन विकलं काय?"

ते एफएम रेडिओ स्टेशन आता माझं नाही. मी तिथं नऊ वर्षं प्रोग्रामिंगला, म्हणजे कुठलं गाणं कधी लावायचं ते बघायला होतो, आणि सोडूनही पाच वर्षं होऊन गेली. पण जिल्ह्याच्या गावात माणूस एकदा 'रेडिओवाला' झाला की जन्मभर रेडिओवालाच. म्हटलं, "कशावरून?"

"सकाळचे अभंग बंद झालेत. साडेसहाला शटर वर करतोय तर धांगडधिंगा. दोन दिवस वाटलं मशीन बिघडलं असेल. मग म्हटलं, नाही, मालक बदलला."

घरी येऊन तिथल्या जुन्या सहकाऱ्याला फोन लावला. तो आधी गप्प बसला, मग म्हणाला, बोलणी चाललीत, सही अजून व्हायचीय. गाण्यांची यादी मात्र महिनाभर मुंबईहून येतेय. म्हणजे स्टाफला पत्र मिळायच्या आधी मामांना बातमी लागली, तीही नुसत्या कानाने. घर विकायचं असेल तर माणूस रंग काढतो. स्टेशन विकायचं असेल तर माणसं काढतात, ताळेबंद बरा दिसावा म्हणून. आणि माणसं कमी झाली की पहिला बळी जातो तो पहाटेच्या आणि रात्रीच्या कार्यक्रमांचा.

लोकांना वाटतं, नव्या शेठजींना आवडतात ती गाणी लागायला लागतात. तसं काही नसतं. शेठजी रेडिओ ऐकत नाहीत. मी नऊ वर्षांत एकदाही मालकाच्या तोंडून गाण्याचं नाव ऐकलं नाही. मालक बदलला की जाहिरात विकली जाते ती जागा बदलते, आणि जिथं जाहिरात विकली जाते तिथंच गाणं ठरतं. मला एवढंच सांगायचंय, पण त्याला जरा पाल्हाळ लावावा लागेल.

आमच्याकडे गाणी लावायचं सॉफ्टवेअर होतं. कुठल्या तासाला किती गाणी, कुठल्या प्रकारची, कुठल्या क्रमाने, हे आधी 'क्लॉक'मध्ये भरायचं आणि मग ते दिवसभराचा लॉग, म्हणजे गाण्यांची क्रमवार यादी, काढून द्यायचं. प्रत्येक प्रकाराला रंग. हिंदी नवी लाल, हिंदी जुनी निळी, मराठी पिवळी. सुरुवातीला तासाला बारा गाणी असली तर चार-पाच पिवळी असायची. लॉग वरून खाली सरकवला की झेंडूच्या माळेसारखा दिसायचा. माझ्या काळात मालकी एकदा बदलली. कुणी येऊन 'मराठी बंद करा' असं सांगितलं नाही. आधी फक्त गावातल्या सेल्सच्या सात माणसांपैकी दोघं उरली. पुढच्या तिमाहीत क्लॉक तयार होऊन मेलवर यायला लागलं. पिवळी तासाला दोन झाली, मग एक, मग रात्री अकरानंतर. शेवटी शेवटी लॉगमध्ये पिवळा दिसला की मी थांबून बघायचो.

यात सेल्सवाल्यांचा काय संबंध? सगळा त्यांचाच संबंध. आमच्या पेठेतल्या सराफांना, साडीवाल्यांना, ट्रॅक्टरच्या शोरूमवाल्यांना त्यांची जाहिरात मराठी गाण्याला लागूनच हवी असायची. पाडव्याच्या आठवड्यात एका सराफांनी मला दुकानात बसवून, पेढा पुढे करून सांगितलं होतं, "माझी गिऱ्हाइकं गावाकडची. त्या पोरीच्या इंग्लिश बडबडीनंतर माझं नाव नको." आमचा सेल्सचा मुलगा ते निरोप घेऊन यायचा आणि तावातावाने माझ्याशी भांडायचा, कारण त्याचा इन्सेंटिव्ह त्यावर होता. त्याची नोकरी गेली आणि आमच्या इमारतीत सराफांच्या आवडीवर पगार अवलंबून असलेलं कुणी उरलंच नाही. मुंबईतल्या एजन्सीने साबण, मोबाईल नि सिमेंटच्या जाहिराती एकगठ्ठा वीस-पंचवीस शहरांसाठी घेतलेल्या. त्यांना सगळीकडे सारखाच आवाज हवा.

बरं, ऐकणारे किती, काय ऐकतात, हे मोजून कुणी हे ठरवलं का? २००७ मध्ये टॅम या मोजणी करणाऱ्या कंपनीने रेडिओचे श्रोते मोजायची पद्धत आणली ती मुंबई, दिल्ली, बंगळूर आणि पुढे कोलकाता एवढ्याच शहरांत. नाशिक, नागपूर, कोल्हापूर, सोलापूर त्यात कुठंच नव्हतं. सोलापूरकराला काय आवडतं हे अंधेरीत बसून ठरायचं, आणि त्याला 'रिसर्च' म्हणायचे.

आता थोडं मुंबईचं, कारण हा खेळ तिथं उघड्यावर झाला.

खाजगी एफएमचा पहिला लिलाव झाला तेव्हा मुंबईचा परवाना पहिल्या वर्षाला ९.७५ कोटींचा, त्यात दरवर्षी १५ टक्के वाढ. कमाई असो नसो, पैसे भरायचे. विन ९४.६ हे स्टेशन त्यातच मिटलं. मिड-डेवाल्यांचं गो ९२.५ इंग्रजी गाण्यांचं, तरुण, वात्रट. त्याचं पुढे रेडिओ वन झालं, ९४.३ वर गेलं आणि हिंदी सिनेमाची गाणी लावायला लागलं. २०१३ मध्ये परत इंग्रजीकडे वळलं. मधे २०१० मध्ये मिड-डे हा पेपर दैनिक जागरणवाल्यांकडे गेला, रेडिओ जुन्या मालकांकडेच राहिला, आणि २०१९ मध्ये हिंदुस्थान टाइम्सवाल्यांनी त्यात हिस्सा घेतला. दरम्यान जागरणने २०१५ मध्ये रेडिओ सिटी घेतलं होतं. या वाक्याशी गोंधळ झाला असेल तर काळजी करू नका, आम्हालाही व्हिजिटिंग कार्डं बघूनच कळायचं कोण कुणाचं.

मला सगळ्यात चटका लावून गेलं ते म्याव. इंडिया टुडे समूहाने आपलं रेड एफएम विकलं आणि २००७ मध्ये १०४.८ वर म्याव काढलं. खास बायकांसाठी, गाण्यांपेक्षा गप्पा जास्त. काही गप्पा भंकस होत्या, पण दुसरीकडे कुठं मिळणार नाहीत अशा होत्या. ते चाललं नाही. त्याचं ओये झालं, हिंदी गाणी आली, पुढे इश्क झालं, नुसती प्रेमगीतं. २०२५ मध्ये समूहाने रेडिओतून बाहेरच पडायचं ठरवलं. इथं मालक बदलला नव्हता, हे मान्य. पण परवान्याचे पैसे दर वर्षी दारात उभे राहिले की तोच मालक दर दोन-चार वर्षांनी नवा मालक असल्यासारखा वागतो.

आणि २०१५ चा लिलाव. मुंबईत दोन नव्या लहरी, म्हणजे फ्रिक्वेन्सी, निघाल्या, एकेक सुमारे १२२ कोटींना. दोन्ही आधीपासून शहरात असलेल्या मालकांनीच घेतल्या, कारण नव्या नियमाने एका शहरात एकापेक्षा जास्त स्टेशनं ठेवायची मुभा मिळाली होती. त्याआधी एका शहरात एकाचं एकच. सरकारची समजूत अशी की एकाकडे दोन आली तर दुसऱ्यावर तो काहीतरी वेगळं करेल, स्वतःशीच कशाला स्पर्धा करेल? झालं काय? ९१.९ वर रेडिओ नशा, म्हणजे जुनी हिंदी गाणी. १०६.४ वर पुढे रेडट्रो, म्हणजे जुनी हिंदी गाणी. बिग एफएमवर त्या काळात तशीही जुनी हिंदी गाणी चालूच होती. महाराष्ट्राच्या राजधानीत जुन्या हिंदी गाण्यांना तीन-तीन घरं, आणि पूर्णवेळ मराठीला लावायला एकही खाजगी लहर शिल्लक नाही. १२२ कोटी भरलेला माणूस प्रयोग करत नाही हो. तो जे खपलेलं आहे तेच अजून एकदा विकतो.

यावर माझा एक मित्र नेहमी म्हणतो, "मराठी माणूसच मराठी ऐकत नाही, त्याला मालक काय करणार?" मग बंगळूरचं काय? २००१ मध्ये देशातलं पहिलं खाजगी एफएम, रेडिओ सिटी, तिथंच सुरू झालं. सुरुवातीला तिथं हिंदी-इंग्रजीचाच जोर होता. २००६ नंतर एकानं पूर्ण कानडी करून दाखवलं आणि मागोमाग बाकीचे वळले. मिर्ची तिथं कानडी बोलते, मुंबईत हिंदी. मालक तेच. फरक एवढाच की बंगळुरात जाहिरात विकणाऱ्याला कानडी गिऱ्हाईक दिसलं, आणि मुंबईत जाहिरात विकणाऱ्याला मराठी गिऱ्हाईक हिंदी येणारं म्हणून फुकटात मिळालं. वेगळे पैसे टाकायची गरजच काय?

वर्ल्डस्पेस आठवतंय का कुणाला? उपग्रहावरून येणारा रेडिओ. खिडकीत ती छोटी चौकोनी अँटेना ठेवायची, वर्गणी भरायची. त्यावर 'सुरभी' नावाची मराठी वाहिनी होती, चोवीस तास. नाट्यसंगीत, लावणी, भावगीतं, सगळं. तिकडे अमेरिकेत कंपनीचं दिवाळं वाजलं आणि ३१ डिसेंबर २००९ ला इकडची सेवा बंद. त्या रात्री मी रिसीव्हरसमोर बसून होतो. त्या वाहिनीला श्रोते नव्हते असं कुणी म्हणू नये, पैसे भरून ऐकणारे श्रोते होते. ते पंढरपूर, पार्ल्यात होते आणि मालक वॉशिंग्टनजवळ.

बाकी खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं, तेवढंच. वाहतूक, हवामान, पाणी कधी येणार, परीक्षेचे निकाल, हे चालतं. म्हणजे जिल्ह्याच्या स्टेशनवर स्थानिक म्हणून उरतं काय? भाषा, गाणी आणि बोलणारा माणूस. पूर्वी गावातल्या स्टेशनला बाहेरचा कार्यक्रम जोडून घ्यायचा तर तो फक्त छोट्या शहरांत, आणि तोही त्याच विभागातला. सरकारच्या एफएम धोरणाच्या तिसऱ्या टप्प्याने, म्हणजे २०१५ चा लिलाव ज्यात झाला त्याने, मालकाला देशभरातली स्वतःची स्टेशनं एकमेकांना जोडायची परवानगी दिली, आणि मालकांना हिस्सा विकण्यासाठी थांबावं लागायचं ते पाच वर्षांवरून तीनवर आणलं. मुंबईत किंवा इंदूरला रेकॉर्ड केलेलं 'गुड मॉर्निंग' आमच्या गावात पाणी न आलेल्या दिवशी "मस्त शॉवर घ्या" म्हणून गेलेलं मी ऐकलंय. स्टेशनच्या खालीच टँकर उभा होता.

सगळीकडे असंच आहे असं नाही. कोल्हापुरात पुढारीचं टोमॅटो एफएम आहे. मालक गावातला, पेपर गावातला, जाहिरातदार ओळखीचे. तिथला आवाज ऐकला की कळतं, बोलणारा रंकाळ्यावर फिरायला जातो. गावातला मालक काही संत नसतो, त्याचेही सोयरेधायरे नि राजकारण असतं. पण त्याला लग्नात, दुकानात, पानपट्टीवर लोक तोंडावर विचारू शकतात. नवीन मालकाला कुणी विचारायचं? बिग एफएमची मूळ कंपनी दिवाळखोरीत निघाली आणि २०२४ मध्ये न्यायाधिकरणातून सफायर मीडियाकडे गेली. त्या कागदपत्रांत कर्ज होतं, लहरी होत्या, मनोरे होते. सकाळी साडेसहाला काय वाजायचं, हे असल्या यादीत मालमत्ता म्हणून येत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने आणखी २३४ शहरांत ७३० वाहिन्यांना मंजुरी दिली. आपल्याकडची लातूर, चंद्रपूर, वर्धा, यवतमाळ यांसारखी गावं त्यात आहेत. मला विचाराल तर तिथं बोली लावणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: सेल्सची किती माणसं गावात ठेवणार? स्टुडिओ किती चकाचक, आरजे किती नावाजलेला, ते नंतर.

मामांनी आता दुकानात ब्लूटूथचा डबा आणलाय. पोराच्या फोनवरून अभंग लावतात. मधेच कुठल्याशा ऑनलाइन जुगाराची जाहिरात घुसते, मग हातातला वस्तरा बाजूला ठेवून 'स्किप' दाबायला जातात, आणि गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने बसून राहतं. रेडिओ फळीवर तसाच आहे, प्लास्टिकच्या पिशवीत.

तुमच्या गावात सकाळी सहा ते सात काय वाजतं, ते कळवा. गावाचं नाव लिहा, स्टेशनचं नको.