इंदूर-पुणे फक्त साडेसदतीस मिनिटं

पुण्याला मुंजीला जायचंय? तिकिटाचं नंतर बघू, आधी भागाकार उरका. नेटवर इंदूर-पुणे हवाई अंतर बघा, आकडा 500 किलोमीटरच्या आसपास येईल. विमान ताशी 800 ने जातं, हे शेजारच्या काकांनाही ठाऊक असतं. उत्तर साडेसदतीस मिनिटं. लगेच कोथरूडला फोन लावून सांगा, "आत्या, पंगतीला पोचतोच."

हा आकडा साधारण एका धावपट्टीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचा असतो. तुम्ही तिथे न राहता इंदूरच्या सुदामा नगरात राहता, ही चूक तुमची. आत्यानेही लोहगावच्या धावपट्टीवर फ्लॅट घ्यायला हवा होता.

वैमानिकांना मात्र भागाकाराची चाड नाही. इंदूरची धावपट्टी 07/25, म्हणजे विमान 70 अंशांकडे तोंड करून उडणार, नाहीतर 250 अंशांकडे. पुणे 203 च्या आसपास. त्यामुळे 07 वरून निघालात, तर पुण्याकडे पाठ करून आधी आपलंच शहर बघा, मग वळा. दिशा वारा ठरवतो, कारण उड्डाण वाऱ्याला तोंड देऊन करायचं असतं. त्यात 10,000 फुटांखाली वेग साधारणतः 250 नॉटच्या, म्हणजे ताशी 463 किलोमीटरच्या आत ठेवायचा. तुमचे 800 मधल्या तुकड्यातच मिळतात. पुण्यात धावपट्टी 28 वर उतरायचं असेल तर पूर्वेला जाऊन पश्चिमेकडे तोंड करायचं, आणि लोहगाव पडलं हवाई दलाचं, तिथे आपण पाहुणे. म्हणून वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास लिहितात. त्यांचं गणित कच्चं असेल, दुसरं काय!

आता हे करूच नका, पण घर ते घर मांडून पाहा. विमानतळापर्यंत 40 मिनिटं, तिथे दोन तास आधी हजेरी, सव्वा तास उड्डाण, पट्ट्यावर बॅगेची वाट 25 मिनिटं, लोहगाव ते कोथरूड 70 मिनिटं. झाले साडेपाच तास. दोन्हीकडचे रस्ते धरून 525 किलोमीटर, भागिले साडेपाच: ताशी 95. एवढ्यावर तर मेहुण्याची डिझेल गाडीही पळते, आणि तिच्यात लोणच्याच्या बरणीची चौकशी होत नाही.

मग गाडीनेच निघा. रस्ता 600 च्या आसपास, म्हणजे हवाई अंतराच्या जेमतेम सव्वापट. सातपुडा आडवा असताना एवढं सरळ जाणं कौतुकाचंच. पोहे-जिलबी खाऊन सकाळी सहाला निघा. मानपूरनंतर घाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रलवर टाकून डिझेल वाचवणारे भेटतील. त्यांचे ब्रेक तापतात आणि मग ते पुढच्या ट्रकवर विसंबतात. तुम्ही खालच्या गिअरवरच उतरा. खलघाटला नर्मदा, सेंधव्यानंतर बिजासन घाट, मग शिरपूर, धुळे, मालेगाव, मनमाड, शिर्डी, नगर. अकरा तास धरा, चहा वेगळा.

संध्याकाळी वाघोलीच्या कोंडीत गाडी थांबली की काच खाली करून वर बघा. 28 वर उतरणारी विमानं तिथूनच जातात. त्यातल्या एखाद्यात तुमचा तो चुलतभाऊ असेल, जो दुपारी एकला जेवून, वामकुक्षी आटोपून घरून निघाला.