एड मागितली तर अॅडमिशन जाते का?

अमेरिकेत बारावीनंतर अर्ज करणाऱ्या मुलांच्या घरचा हा ठरलेला प्रश्न. एड म्हणजे घरची ऐपत बघून कॉलेज देतं ती आर्थिक मदत. उत्तर कॉलेजगणिक वेगळं. तरी बरीच घरं 'मागूच नको, उगाच विषाची परीक्षा कशाला' म्हणून मोकळी होतात.

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ, ब्राउन इथे परदेशी मुलाची निवड करतानाही त्याची ऐपत बघत नाहीत. गरज असून इथे एड न मागणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. स्टॅनफर्ड, कोलंबिया, कॉर्नेल अमेरिकन मुलांची ऐपत बघत नाहीत, आपल्या मुलांची बघतात. वेबसाइटवर 'नीड-ब्लाइंड' (म्हणजे निवडताना ऐपत न बघणारे) ठळक असतं, परदेशी विद्यार्थ्यांची ओळ खाली कुठेतरी. ती शोधून वाचा.

ऐपत बघणारी कॉलेजं ती 'नीड-अवेअर'. पण तिथे एड मागितली की पत्ता कट, असंही नाही. परदेशी मुलांच्या एडचं बजेट ठरलेलं असतं. जो हवाच आहे त्याला पैशासकट घेतात. मार बसतो काठावरच्यांना. यादी आवरत आली, बजेट आटत आलं, की दोन सारख्या मुलांतला पूर्ण फी भरणारा आत जातो. आकडाही बघितला जातो. वर्षाला १५ हजार डॉलर मागणारा आणि ७० हजार मागणारा सारखे नाहीत.

मग शक्कल निघते: 'आत्ता नको म्हणू, आत गेल्यावर मागू.' स्टॅनफर्डला अर्जाच्या वेळी परदेशी विद्यार्थ्याने मागितली नाही, तर पुढे पदवी होईपर्यंत मागता येत नाही. महागड्या खासगी विद्यापीठाचा खर्च वर्षाला ९० हजार डॉलरच्या घरात किंवा त्याहून वर, म्हणजे चार वर्षांचे तीन कोटींहून जास्त. आय-२० साठी (व्हिसाला लागणारा कॉलेजचा कागद) पहिल्या वर्षाची रक्कम दाखवाल हो, तिसऱ्या वर्षाचं काय?

बर्कली, यूसीएलए परदेशी मुलांना गरजेवर एड देतच नाहीत, तिथे हा प्रश्नच नाही.

मागायची ठरली तर सीएसएस प्रोफाइल, म्हणजे घरच्या उत्पन्न-मालमत्तेची माहिती देणारा एडचा ऑनलाइन फॉर्म, नीट भरा. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढे प्रत्येकी १६. झेपत नसेल तर कॉलेजला मेल करून फी माफीचं विचारा. सुरुवातीला चलन निवडायचं असतं. तिथे डॉलर ठेवून आकडे रुपयांत टाकले, की १२ लाखांच्या पगाराचे बाबा १२ लाख डॉलरवाले होतात! सातबाऱ्यावर काका-आत्यांची नावं असतील तर फक्त आपला हिस्सा लिहा आणि 'स्पेशल सर्कमस्टान्सेस'च्या चौकटीत दोन ओळींत सांगा, की जमीन सामायिक आहे, वाटणी झालेली नाही, एकट्याने विकता येत नाही.