तारे पुसट आले, त्यात वजनाचा काय दोष?

गेल्या महिनाभरात एकच मजकूर मला चार जणांनी पाठवला. त्यातला एक आमच्या आत्याचा मुलगा, ज्यानं आजवर चंद्राचासुद्धा फोटो काढलेला नाही. मजकूर थोडक्यात असा: हलक्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यावर रात्रीच्या आकाशाचे शार्प फोटो येत नाहीत. बॉडी हलकी म्हणून हलते, सेन्सर (प्रकाश टिपणारा भाग) लहान म्हणून प्रकाश पुरत नाही, आयएसओ (फोटो उजळ करायचा आकडा) १६०० च्या वर नेला की नॉईज, म्हणजे दाणेदार कचरा, येतो. पाचशेचा नियम पाळा, फोकस अनंतावर लावा, आणि तरीही जमलं नाही तर फुल फ्रेमचा, म्हणजे मोठ्या सेन्सरचा, दणकट डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) घ्या. शेवटी खास आपल्यासाठी शेपूट: कोल्हापूरच्या आसपास आता आकाश उरलेलंच नाही.

माझा कॅमेरा एपीएस-सी, म्हणजे फुल फ्रेमहून लहान, सेन्सरचा मिररलेस आहे. स्कूटरच्या डिकीत बसतो. त्याच्यावर माझे शेकडो फोटो वाया गेलेत, त्यामुळे ते कशामुळे गेले हे मला बऱ्यापैकी ठाऊक आहे. मजकुरातला एकेक मुद्दा घेतो. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, कारण सगळे त्या लायकीचे नाहीत.

आधी वजन. दहा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये (शटर उघडं असताना) कॅमेरा हातात नसतोच, तो ट्रायपॉडवर असतो. हललाच तर ट्रायपॉड हलतो. उलट डीएसएलआरमध्ये फोटो काढताना आतला आरसा फाडकन वर जातो, तो धक्का मिररलेसमध्ये मुळातच नाही. एक गोष्ट मात्र खरी: पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर वारा सुटला की हलका कॅमेरा आणि हलका ट्रायपॉड दोन्ही थरथरतात. त्यावर उपाय दोन किलोची बॉडी नव्हे. ट्रायपॉडची मधली दांडी खाली घ्या, पाय कमी लांब काढा, बॅग अशी अडकवा की तिचा तळ जमिनीला टेकेल. अधांतरी लोंबणारी बॅग झोपाळा होते. गळ्यातला पट्टा काढून ठेवा, तो शिडासारखा फडफडतो. पाय गवतात न रोवता उघड्या जांभ्यावर टेकवा. स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा आणि शटर दोन सेकंदांच्या टायमरवर सोडा. एवढं केलं की वजनाचा विषय संपला.

आता फोकस. मजकुरात याला अर्धं वाक्य मिळालंय, आणि माझ्या मते पुसट फोटोंतले निम्म्याहून अधिक इथंच मरतात. ‘अनंतावर लावा’ हा सल्ला जुन्या लेन्सच्या काळातला. त्या लेन्सवर आडव्या आठाची खूण असायची. आजच्या बहुतेक मिररलेस लेन्सची रिंग नुसती मोटरला इशारा देते. ती गरागरा फिरत राहते, कुठं अडत नाही, खूणही नसते. खूण असली तरी लेन्स अनंताच्या पुढं जाऊ शकते, आणि थंडी-उन्हानं नेमकी जागा थोडी सरकते. म्हणजे अडणारी रिंगसुद्धा शेवटपर्यंत फिरवली की तारे बहुधा फुगतात.

करायचं ते असं. कॅमेरा मॅन्युअल फोकसवर टाका. व्याध किंवा चित्रा असा ठळक तारा चौकटीच्या मध्याजवळ घ्या. स्क्रीनवर तो जास्तीत जास्त मोठा करून बघा आणि रिंग केसभर केसभर फिरवा. तारा लहान होत जातो, मग पुन्हा फुगायला लागतो. जिथं सगळ्यात लहान होता तिथं परत या. एक फोटो काढा, तो मोठा करून तपासा, मगच पुढं. मिररलेसचं खरं सुख इथं आहे: डीएसएलआरच्या छोट्या खिडकीतून हे दिसतच नाही, तिथंही शेवटी मागच्या स्क्रीनवरच यावं लागतं.

माझी पहिली मोठी फजिती याच कामातली. फोकस झकास लागला होता. बॅटरी वाचावी म्हणून दोन फोटोंच्या मध्ये कॅमेरा बंद केला आणि थर्मासमधला चहा घेतला. परत चालू केला तेव्हा लेन्सनं फोकस स्वतःच्या मर्जीनं दुसरीकडं नेऊन ठेवला होता. काही लेन्स असं करतात. ऐंशीच्या वर फोटो, सगळ्यांत तारे म्हणजे बुंदीचे दाणे. तेव्हापासून कॅमेरा बंद करत नाही, बॅटऱ्या तीन नेतो, आणि दर अर्ध्या तासानं फोकस पुन्हा बघतो.

पाचशेचा नियम म्हणजे ५०० ला लेन्सच्या फोकल लेंग्थनं (लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्यानं) भागायचं, तेवढे सेकंद शटर उघडं ठेवायचं. लहान सेन्सर असेल तर क्रॉपचा आकडा (फुल फ्रेमपेक्षा सेन्सर किती पट लहान) त्या मिलिमीटरला आधी गुणायचा. माझी १६ मिलिमीटरची लेन्स दीडपट क्रॉपनं २४ ठरते, म्हणजे जवळजवळ २१ सेकंद. आता दुसरा हिशोब करा. पृथ्वीच्या फिरण्यामुळं खगोलीय विषुववृत्ताजवळचा (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वर येणाऱ्या आकाशातल्या रेघेजवळचा) तारा सेकंदाला १५ विकला सरकतो; विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर १६ मिलिमीटरला एक पिक्सेल साधारण ५० विकलांचा. म्हणजे २० सेकंदांत तारा सहा पिक्सेल पुढं गेला. तो ठिपका राहत नाही, तांदळाचा दाणा होतो. मृगाचा पट्टा तर जवळजवळ विषुववृत्तावरच, तिथं हे सगळ्यात जास्त दिसतं. हा नियम फिल्मच्या आणि छोट्या छपाईच्या काळात चालून गेला. आज पडद्यावर फोटो मोठा करून बघणारे आपणच, मग दोष कॅमेऱ्याला कसा? मी त्या लेन्सला आठ ते दहा सेकंदांच्या वर जात नाही.

‘मग प्रकाश कमी पडणार की!’ पडतो. त्यासाठी एकाच जागेचे सोळा फोटो लागोपाठ काढायचे आणि सिक्वेटर किंवा सिरिलसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचायचे. ते प्रत्येक फोटोतले तारे जुळवून घेतात आणि सोळा फोटोंत नॉईज एक चतुर्थांशावर येतो. ज्यांना हातानं काही करायची हौस आहे त्यांच्यासाठी दुसरी वाट: बिजागरीनं जोडलेल्या दोन फळ्या, बिजागरीपासून २२८.५ मिलिमीटरवर एम ६ चा (सहा मिलिमीटर जाडीचा) बोल्ट, आणि तो मिनिटाला एक फेरा फिरवायचा. एका फेऱ्यात बोल्ट एक मिलिमीटर सरकतो आणि वरची फळी तिच्यावरच्या कॅमेऱ्यासकट आकाशाच्या वेगानं उघडत जाते. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्या मामांनी माझ्या फळ्यांची भोकं चहा पिऊन होईस्तोवर पाडून दिली. ‘ताऱ्यांसाठी?’ एवढंच विचारलं आणि पैसे घेतले नाहीत. अडचण एकच. बिजागरी ध्रुवाकडं रोखावी लागते आणि आपल्याकडून ध्रुव क्षितिजावर जेमतेम १७ अंश दिसतो. उत्तरेला एखादी टेकडी आली की संपलं.

सेन्सर लहान, हा मुद्दा निम्मा खरा. तेवढ्याच एफ आकड्याला (हा जितका लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं) मोठा सेन्सर अधिक प्रकाश गोळा करतो, मान्य. पण प्रकाश शेवटी भिंगाच्या तोंडातून येतो. फुल फ्रेमवर २४ मिलिमीटर एफ २.८ म्हणजे साडेआठ मिलिमीटरचं छिद्र. एपीएस-सीवर १६ मिलिमीटर एफ १.४ म्हणजे साडेअकरा. चौकटीत आकाश दोन्हीकडं तेवढंच येतं, पण छोट्या कॅमेऱ्याला प्रकाश पावणेदोन पट मिळतो. एफ १.४ ला कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात, म्हणून मी २ वर आणतो. तरी फुल फ्रेमच्या जवळपास राहतो. बॉडीबरोबर आलेल्या एफ ३.५ च्या लेन्सवर प्रयोग करून ‘मिररलेस वाईट’ म्हणणं म्हणजे बोळक्यानं पाणी भरून विहिरीला नावं ठेवणं.

आयएसओबद्दल फार लिहीत नाही. नॉईज आयएसओमुळं जन्मत नाही, प्रकाश कमी असल्यामुळं असतो. आयएसओ तो फक्त मोठा करून दाखवतो. खात्री हवी तर तेच शटर आणि तोच एफ आकडा ठेवून एक रॉ (कॅमेऱ्यानं सजवलेला नसलेला) फोटो ८०० वर काढा, एक ३२०० वर, आणि पहिला कॉम्प्युटरवर दोन स्टॉप, म्हणजे चौपट, उजळा. पहिला काही जास्त स्वच्छ निघत नाही, अनेक कॅमेऱ्यांत तर जास्त घाण निघतो. फार वर नेलं तर ठळक ताऱ्यांचे रंग पांढरे पडतात, एवढीच मर्यादा.

राहिलं ते शेपूट. रंकाळ्यावरून आकाशगंगा दिसणार नाही, त्यात वाद नाही. पण उजेडामुळं फोटो फिका होतो, पुसट नाही. या दोन गोष्टी मजकूर लिहिणाऱ्यानं एकात कालवल्यात. आणि जागा निवडताना नुसतं अंतर बघू नका, शहर कुठल्या बाजूला राहतं ते बघा. आपल्या अक्षांशावर आकाशगंगेचा गाभा, म्हणजे तिचा सगळ्यात उजळ भाग, आग्नेयेकडून उगवतो. पन्हाळ्यावर किंवा मसाईवर उभं राहिलं की त्याच दिशेला कोल्हापूरचा पिवळा घुमट असतो. गाभा नेमका त्याच्यातून वर येतो. लोक तिथंच जातात, दोन तास तडफडतात आणि कॅमेऱ्याला शिव्या घालतात. गगनबावड्याला गेलं तर शहर ईशान्येकडं मागं पडतं आणि आग्नेय ते दक्षिण अंधारी मिळते. पंचावन्न किलोमीटर आहे, पण नाद खुळा आकाश. पन्हाळाच जवळ पडत असेल तर गाभा दक्षिणेला सरकेपर्यंत थांबा. मेच्या मध्याला पहाटे पावणेतीनच्या सुमारास तो दक्षिणेला ४४ अंशांवर असतो.

गळिताच्या हंगामात पाचट पेटवलेलं असेल त्या रात्री मात्र कुठंच जाऊ नका. आणि मेमध्ये गगनबावड्याला कोकणातून धुकं चढतं तेव्हा लेन्सवर दहा मिनिटांत दव साचतं. मी लोकरी मोजा कापून लेन्सभोवती घालतो आणि आत हात गरम करायची पुडी ठेवतो. मोजा आईनं विणलेला होता, हे तिला अजून सांगितलेलं नाही.