वस्तऱ्यावरचे काळे ठिपके आणि न टिकणारी धार: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय फोटोंसकट नीट वाचला. तक्रारी चार आहेत. 'रिस्टोर केलेला' म्हणून घेतलेल्या वस्तऱ्याच्या पात्यावर काळे ठिपके तसेच होते. मूठ मूळची नव्हती. ठिपके घालवायला तुम्ही तो बाहेर बफ करून, म्हणजे यंत्राच्या फिरत्या चाकावर घासून चकचकीत करून घेतलात, आणि आता दाढी करताना तो केस ओढतो. शिवाय भंगाराच्या भावात उचललेला माल आम्ही चढ्या दराने विकतो, असं तुमचं म्हणणं आहे.

आधी धारेचं बोलतो. सुरुवातीच्या दाढ्या गुळगुळीत झाल्या असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे वस्तरा तुमच्याकडे पोचला तेव्हा धार चांगली होती. आता तुमचा शेवटचा फोटो मोठा करून बघा. पात्याच्या टोकाकडे, अगदी धारेला लागून, नखाएवढ्या भागावर निळसर-जांभळी झाक आहे. पोलाद साधारण 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की हा रंग चढतो. वस्तऱ्याच्या पोलादाला पाणी दिल्यावर, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक केल्यावर, त्याचा ठिसूळपणा काढण्यासाठी ते पुन्हा तापवतात, पण जेमतेम 200 अंशांच्या आसपास. त्याच्या बरंच पुढे गेलं की पोलाद मऊ पडतं. तुमचं पातं दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेलं, धारेजवळ कागदासारखं पातळ आहे. तेवढ्या पातळ पोलादात उष्णता पसरायला जागाच नसते, त्यामुळे बफच्या चाकावर ते क्षणात तापतं. वरून चकचकीत दिसतं, पण त्या जागेचं पाणी उतरलेलं असतं. तिथे दगडावर धार लागतेही, पण पहिल्याच दाढीत ती वळते आणि केस कापण्याऐवजी ओढते.

म्हणूनच मी जुनं पातं यंत्रावर धरत नाही. तेल, बारीक पॉलिश पेपर आणि हात, एवढ्यावरच काम चालतं. वेळ फार जातो, पण पातं बोटांना कोमट लागलं तर थांबता येतं.

आता ठिपके. वरवरचा तांबूस गंज सहज निघतो. काळा ठिपका म्हणजे गंजाने पोलादात पाडलेला खड्डा. तो घालवायचा तर आजूबाजूचं सगळं पोलाद खड्ड्याच्या तळापर्यंत उतरवावं लागतं, आणि गेलेलं पोलाद परत येत नाही. पात्याच्या मधोमध असलेला खड्डा दाढीला काहीही त्रास देत नाही. धारेलगतचा खड्डा मात्र वस्तरा बाद करतो, कारण दगडावर घासत गेलं की तो धारेपर्यंत येतो आणि तिथे खाच पडते. तुमच्या पात्याचा धारेकडचा पट्टा मी भिंगाखाली टोकापासून टाचेपर्यंत तपासला होता. तो स्वच्छ होता. वरचे ठिपके विक्रीच्या फोटोंमध्ये स्पष्ट दिसतात आणि वर्णनातही त्यांचा उल्लेख आहे.

पाठीचाही विचार करावा लागतो. धार लावताना वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेल्या असतात, म्हणजे धारेचा कोन पाठीच्या जाडीवर ठरतो. चमक आणायच्या नादात पाठ घासली की कोन अरुंद होतो आणि धार नाजूक पडते. दांड्यावरचा, म्हणजे पातं आणि मूठ यांच्यामधल्या भागावरचा शिक्काही उथळ असतो, घासला की पुसला जातो. तुमच्या वस्तऱ्यावर 'सोलिंगेन' (वस्तरे-सुऱ्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहर) आणि 'जर्मनी' अशी अक्षरं आहेत. अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात मालावर मूळ देशाचं नाव इंग्रजीत घालणं सक्तीचं केलं, त्यामुळे असा शिक्का असलेला वस्तरा बहुधा 1891 नंतरचा असतो. वर्णनात मी जो काळ दिला त्याला आधार या शिक्क्याचा. तुमच्या फोटोत आता 'सोलिंगेन'मधली पहिली दोन अक्षरं जवळजवळ पुसली गेली आहेत. मला सगळ्यात वाईट त्याचं वाटलं.

मूठ बदलली, हे वर्णनात लिहिलेलं आहे. मूळची मूठ सेल्युलॉइडची होती आणि ती कुजायला लागली होती. कुजणाऱ्या सेल्युलॉइडमधून (हे एक जुनं प्लास्टिक) नायट्रोजनच्या ऑक्साइडांची आम्लकारक वाफ निघते आणि वस्तरा मिटून ठेवला की पातं नेमकं तिच्यातच पडून राहतं. पात्याचा फक्त मुठीत जाणारा भाग गंजलेला दिसला तर पहिला संशय मुठीवर घ्यायचा. ती ठेवली असती तर वस्तरा दिसायला अस्सल राहिला असता आणि काही काळात पातं गेलं असतं.

भावाबद्दल थोडक्यात. हो, मी जुन्या सामानाच्या ढिगातूनच वस्तरे घेतो. मळ, वाळलेला साबण, सैल रिव्हेट यांची भीती नसते. पण धारेत केसभर चीर असेल, धार मध्यभागी आत वळलेली असेल, किंवा पाठ एका बाजूने सपाट झिजलेली असेल तर तो वस्तरा मी विकत नाही, आणि ढिगात असे बरेच निघतात. त्यांचा खर्च आणि हाताच्या कामाचे तास विकलेल्या वस्तऱ्यांवरच पडतात.

बफ केलेल्या पात्याचे पैसे मी परत करू शकत नाही. वस्तरा मात्र माझ्याकडे पाठवा, दोन्ही वेळचा टपालखर्च माझा. निळी झाक टोकापुरतीच असेल तर ते टोक थोडं गोल करून उरलेल्या धारेवर 1000 ग्रिटच्या (दाण्याच्या बारीकपणाचा आकडा) दगडापासून पुन्हा सगळं काम करून देईन, त्याचे पैसे घेणार नाही. झाक धारेच्या मध्यापर्यंत गेली असेल तर तसं स्पष्ट कळवीन आणि वस्तरा आहे तसा परत पाठवीन. तोवर त्याने दाढी करू नका, चामडी पट्ट्यावर परतूही नका. पातं कोरडं पुसून तेलाचा हलका हात फिरवा आणि मिटून, वर रबर लावून पाकिटात घाला.