नाला मे महिन्यात मोजला

आमच्या सोसायटीमागे मोठा गृहप्रकल्प येतोय. त्याच्या पर्यावरण मंजुरीच्या अर्जासोबतचा अहवाल मागच्या आठवड्यात हाती लागला. रात्री दोनपर्यंत वाचत बसले. नाल्यापुढे लिहिलंय, 'हंगामी, कोरडा'. पाहणीची तारीख मे महिन्यातली! पुण्यात मे महिन्यात कुठला नाला वाहतो? हाच नाला जुलैत आमच्या पार्किंगमध्ये शिरतो. वॉचमनकाकांच्या खोलीच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर गाळाची रेघ अजून आहे. धुतली, रंग दिला, तरी दिसतेच.

अहवाल लिहिणाऱ्यावर माझा राग नाही. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटर आणि त्यावरच्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते, पण ज्याला मंजुरी हवी तोच अहवाल लिहिणारा सल्लागार नेमतो आणि तोच त्याचे पैसे देतो. ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. सल्लागाराला नॅबेटची, म्हणजे अशा सल्लागारांची पात्रता तपासणाऱ्या मंडळाची मान्यता लागते, मान्य. पण 'इथे बांधू नका' असं लिहिणाऱ्याला पुढचं काम कोण देणार? त्यात बांधकाम प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट. मग ती रेघ आम्ही दाखवायची कुणाला?

महापालिका स्वतः अर्जदार असते तेव्हाही हेच. नदीकाठ सुधार प्रकल्प मुळा, मुठा आणि मुळा-मुठा मिळून ४४ किलोमीटरचा. सल्लागार पालिकेनेच नेमलेला, मंजुरी २०१९ मधली. हरकत घ्यायला नागरिकांना हरित न्यायाधिकरणात जावं लागलं.

मुठेची निळी पूररेषा, म्हणजे साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, ६० हजार क्युसेक धरून आखली आहे. २५ जुलै २०२४ च्या पहाटे खडकवासला धरणातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडलं, तेवढ्यातच सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं. अंधारात लोक म्हाताऱ्या आईवडिलांना हाताला धरून बाहेर काढत होते. अशा नदीच्या काठाला हात लावण्याआधी अहवाल लिहिणारा माणूस कुणाचाच मिंधा नसावा, एवढंच म्हणणं आहे.

सल्लागाराची फी मंजुरी देणाऱ्या राज्य पर्यावरण प्राधिकरणाकडे जमा करा, सल्लागार त्यांनी निवडू दे. पाहणीत एक तरी पावसाळा असू दे. आणि अहवाल मराठीत द्या. आमच्या वॉचमनकाकांना त्या नाल्याची जेवढी माहिती आहे तेवढी त्या जाडजूड फाइलमध्ये नाही, पण ती इंग्रजी फाइल ते वाचणार कशी?

रविवारी सकाळी दहाला आम्ही काही जण टेप घेऊन नाल्याची रुंदी आणि भिंतीवरच्या रेघा मोजणार आहोत. जुलैतल्या पाण्याचे फोटो कुणाकडे असतील तर तारखेसकट मला पाठवा. सगळं एकत्र करून प्राधिकरणाला लेखी देणार आहोत.