‘लेकीला शिकायला पाठवलंय, चपात्या लाटायला नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पहिल्या वर्षाला घराबाहेर पडणाऱ्या मुलांनी खोलीवर काय रांधावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. रागाची आहे, पण लेख नीट वाचून लिहिलेली आहे, म्हणून दोन ओळींत आटपत नाही.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी सांगते. तुमचं म्हणणं असं की पुण्यात ‘फक्त तीन हजारांत’ महिन्याची मेस लागते, मग खोलीत शेगडी मांडून रोजचे दोन तास कशाला घालवायचे? आणि शेवटी : ‘माझ्या लेकीला सोलापूरहून पुण्याला शिकायला पाठवलंय, चपात्या लाटायला नाही. पोरींना पुन्हा चुलीपुढे बसवायचे हे उद्योग आहेत.’

चपात्यांपासूनच सुरू करू. त्या लेखात पोळपाट-लाटणं कुठेच नाही, आणि ते मुद्दाम नाही. घडीची पोळी जमायला महिने जातात, दहा बाय दहाच्या खोलीत पीठ सगळीकडे उडतं, आणि इतकं करून पदरात पडतं काय, तर पुण्यात कोपऱ्याकोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रात सुट्या मिळणाऱ्या चार पोळ्या. त्या विकतच आणाव्यात. दुसरं म्हणजे तो लेख लिहिला माझ्या भाच्यासाठी. परभणीहून इंजिनिअरिंगला आलेला, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं भरून, राहणारा मुलगा. लेखात ‘मुलं’ म्हटलं आणि तुम्हाला त्यात मुलीच दिसल्या, याला मी काय करू?

आता मेस. मी मेसच्या विरोधात नाही. दुपारचं जेवण तर मेसमध्येच असावं, कॉलेजच्या दिवसात ते दुसरीकडे बसतच नाही. पण ‘फक्त तीन हजार’ यातला ‘फक्त’ जरा बाजूला ठेवा. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी राज्य सरकारची स्वाधार योजना आहे, तिच्यात पुण्या-मुंबईसाठी वर्षाचा भोजनभत्ता ३२,००० रुपये धरलाय. दहा महिन्यांत वाटला तर महिन्याला ३,२०० होतात. म्हणजे तुमच्या ‘फक्त’मध्ये त्या मुलाचा जवळजवळ सगळा भत्ता गेला, आणि अजून त्यात चहा नाही, नाश्ता नाही, रविवारची रात्र नाही.

रविवारची रात्र महत्त्वाची. लेकीला विचारा : बहुतेक मेसमध्ये रविवारी दुपारी फीस्ट, म्हणजे खास जेवण, आणि रात्री सुट्टी. म्हणजे महिन्याला साठ नव्हे, छप्पन्नच जेवणं. शिवाय गावाला गेलं तर एक-दोन दिवसांचा खाडा कोणी धरत नाही, आधी सांगून सलग काही दिवस असतील तरच पैसे वळते होतात. दिवाळीत मेसवाल्या मावशी त्यांच्या गावी जातात, विसर्जनाच्या दिवशी पेठांमधले रस्ते बंद. नेमकं तेव्हाच बाहेरच्या पोराला सबमिशन असतं आणि बाहेर एक प्लेट फ्राइड राइस शंभराच्या पुढे जातो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा मेस एका रात्रीत बंद झाल्या आणि पेठांमध्ये स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुलं खोल्यांमध्ये अडकली. ज्यांना साधा भात लावता येत होता त्यांचे ते दिवस वेगळे गेले, येत नव्हता त्यांचे वेगळे.

माझं म्हणणं एवढंच आहे : मेस बंद असेल, पैसे संपले असतील, पोट बिघडलं असेल, त्या वेळी दुसऱ्याच्या तोंडाकडे बघायला लागू नये. त्यासाठी सगळा स्वयंपाक यायची गरज नाही. एका भांड्यात होणारे तीन-चार पदार्थ पुरतात.

दोन तासांचा हिशेब तुम्ही घरच्या स्वयंपाकावरून धरलाय असं वाटतं. खोलीवरची खिचडी बघा. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, दोन्ही धुऊन बाजूला. दोन लिटरच्या कुकरमध्येच दोन चमचे तेल, मोहरी तडतडली की जिरं, हिंग, हळद, उभा चिरलेला कांदा. घरून आणलेला मसाला एक चमचा, काळा असो, गोडा असो, कांदा-लसूण असो. डाळ-तांदूळ घालून परतायचं, मीठ, चार वाट्या पाणी. झाकण लावायच्या आधी पाण्याची चव घ्यायची : ते पाणी किंचित खारट लागलं तर खिचडी बरोबर होते, बरोबर लागलं तर अळणी होते. हे पुस्तकात कोणी लिहीत नाही, पण भाच्याला सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच. तीन शिट्ट्या, मग शेगडी बंद आणि प्रेशर आपोआप उतरेपर्यंत हात लावायचा नाही. हाताचं काम दहा मिनिटांचं. बाकीचा वेळ कुकर काम करतो आणि मूल जर्नल लिहितं. मेसला चालत जाऊन, नंबर लावून, जेवून परत यायला याहून कमी वेळ लागतो का?

पैशांचं म्हणाल तर तांदूळ साठ रुपये किलो आणि मूगडाळ एकशेवीस धरली, तेल-कांदा-मसाला धरला, तर एका पोटाला वीस रुपयांच्या आसपास खर्च येतो. वीज : इंडक्शन शेगडी १२०० वॅटवर पंचवीस मिनिटं म्हणजे अर्धं युनिट, पाचएक रुपये. भाव वर-खाली होतील, पण पंचवीसाचे पन्नास होणार नाहीत.

शेगडीबद्दल मात्र एक सांगायलाच हवं, कारण घरमालकाच्या कटकटीचा तुमचा मुद्दा खरा आहे. जुन्या वाड्यांमधलं आणि इमारतींमधलं वायरिंग बेताचंच असतं. २००० वॅटची इंडक्शन शेगडी पूर्ण जोरावर जवळजवळ नऊ अँपिअर खेचते, आणि खोलीतला मोबाइल चार्जिंगचा साधा प्लग सहा अँपिअरचा असतो. तिथे ती लावली की प्लग गरम होतो, वास येतो आणि मालक वर येतो. मोठ्या, सोळा अँपिअरच्या पॉइंटवरच लावायची. तो नसेल तर शेगडी घ्यायची ती १२०० वॅटचीच, आणि एक्स्टेन्शन बोर्डावर तीही नाही. घरचा जुना ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, दुकानात जाताना लोहचुंबक घेऊन जा, बुडाला चिकटला तर तो कुकर चालेल. आणि भाडं ठरवतानाच मालकाला विचारून घ्या. विजेचे महिन्याला शे-दोनशे जास्त द्यायची तयारी दाखवली तर बरेचजण हो म्हणतात. नाहीच म्हणाले तर उगाच लपवाछपवी नको, फोडणीचा वास जिन्यात पोचतोच.

फ्रिज नसतो, भाजी-भात खराब होतो, हे तुम्ही लिहिलंय ते अगदी बरोबर. म्हणून एका वेळचंच लावायचं. आपल्याकडे रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकायची सवय आहे, मलाही तो भात आवडतो. पण मे महिन्यातल्या बंद खोलीत रात्रभर उघड्यावर राहिलेल्या भातात जिवाणू विष तयार करू शकतात, आणि ते विष पुन्हा गरम करून जात नाही. उरला तर टाकून द्यावा. दहा रुपयांच्या भातापायी दोन दिवस आडवं पडण्यात काही शहाणपण नाही.

पिठल्याचं मी लेखात लिहिलंच होतं, बेसन आधी गार पाण्यात कालवून मग फोडणीत सोडलं की गुठळ्या होत नाहीत. पावाबरोबर खाल्लं तरी चालतं. अंडी खात असाल तर प्रश्नच मिटला.

आता लेकीच्या चुलीपुढे बसण्याचा मुद्दा. तुमची भीती मला कळते. चार मुलींच्या खोलीत एकीला स्वयंपाक येतो असं कळलं की बाकीच्या तिघींचं ‘अगं, तुझ्याबरोबर माझंही टाक ना’ सुरू होतं. मुलांच्या खोलीतही हेच होतं, फक्त तिथे त्या पोराला ‘शेफ’ म्हणतात. यावर उपाय स्वयंपाक न येणं हा नाही. जो रांधेल तो भांडी घासणार नाही, आणि किराण्याचा खर्च भिंतीवरच्या कागदावर, हे पहिल्याच दिवशी ठरवून घ्यायचं. रूम पार्टनरांची भांडणं रांधण्यावरून क्वचितच होतात, खरकट्या कुकरवरून होतात. दुसऱ्यासाठी राबणं वेगळं आणि स्वतःच्या पोटाचं स्वतः बघता येणं वेगळं. पहिलं तुमच्या लेकीवर कोणी लादू नये, याबद्दल तुमचं-माझं एकमत आहे. दुसरं तिला येऊ नये असं मात्र म्हणू नका. तुमच्या मुलालाही यावं. प्रतिक्रियेत तुम्ही त्याचाही उल्लेख केलाय, तो बारावीला आहे. त्याच्या हातात कुकर या सुट्टीतच द्या.

आणि तुम्ही सोलापूरचे, म्हणजे निम्मा प्रश्न तुमच्या गावातच सुटलेला आहे. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी कोरड्या डब्यात, फ्रिजशिवाय, आठवडेच्या आठवडे टिकतात. लेकीबरोबर लाडू-चिवडा थोडा कमी द्या आणि या दोन गोष्टी भरपूर द्या. मुगाची डाळ जरा जास्त पाणी घालून कुकरला लावली, वरून फोडणी दिली आणि त्यात कडक भाकरी कुस्करली की रविवारच्या रात्रीचं जेवण झालं. चटणी मात्र ओल्या चमच्याने काढू नको म्हणून सांगा.